ही-मॅनची कुऱ्हाड कुठे गेली?

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात पावणेचार इंचांची एक प्लास्टिकची बाहुली ५ लाख २५ हजार डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या दराने जवळपास ४ कोटी ४० लाख रुपये. अशी बातमी आली की माझ्या ओळखीतले दोन-तीन जण तरी माळ्यावर चढतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शाळेत असलेल्या आमच्या पिढीच्या घरात अजून कुठेतरी एक ही-मॅन असतो, म्हणजे कार्टूनमधल्या त्या तलवारवाल्या वीराचा बाहुला. बुटांच्या खोक्यात पडलेला, पाय लुळे झालेला, हात रिकामे. मग फोन येतो, "अरे, आपल्याकडचा तो बाहुला आहे अजून. किती येतील त्याचे?"

मी उलट विचारतो, "त्याची कुऱ्हाड कुठे आहे?"

समोरचा गोंधळतो. पण जुन्या खेळण्यांच्या बाजाराचं बरंचसं गणित या एका प्रश्नात आहे. ते समजायला संग्राहक असावं लागत नाही. घरात माळा असला तरी पुरतं.

कोट्यवधींची बाहुली दुकानात आलीच नव्हती

आधी त्या बातमीतल्या बाहुलीबद्दल, कारण सगळा गैरसमज तिथून सुरू होतो.

ती बाहुली 'स्टार वॉर्स'मधल्या बोबा फेट या पात्राची. केनर या अमेरिकन कंपनीने १९७९ मध्ये एक योजना जाहीर केली होती. चार खेळण्यांच्या पुठ्ठ्यांवरचे खरेदीचे पुरावे कापून पाठवायचे, की पाठीवरून क्षेपणास्त्र सुटणारा बोबा फेट टपालाने घरी येणार. याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातलं असंच छोटं क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा जीव गेला. केनरने स्प्रिंग रद्द केली आणि मुलांना पाठवलेल्या बाहुल्यांमध्ये क्षेपणास्त्र पाठीला पक्कं बसवलं. क्षेपणास्त्र खरोखर सुटणारे जे थोडे नग राहिले, ते कंपनीत चाचणीसाठी केलेले होते. अशा नगाला 'प्रोटोटाइप' म्हणतात. उत्पादन सुरू होण्याआधी केलेला नमुना.

लिलावात गेली ती अशा नमुन्यांपैकी हाताने रंगवलेली एक बाहुली. म्हणजे ती कुठल्याही मुलाच्या हातात कधी पडली नाही, कुठल्याही दुकानात टांगली गेली नाही. आपल्या माळ्यावर ती असण्याची शक्यता शून्य. तिची किंमत वाचून घरच्या ही-मॅनचा हिशोब मांडणं म्हणजे कोहिनूरवरून बांगडीतल्या खड्याचा भाव काढण्यासारखं आहे. तरीही घरचा ही-मॅन फेकू नका. त्याची गोष्ट निराळी आहे आणि मला ती जास्त आवडते.

ही-मॅन आला कुठून

'स्टार वॉर्स'ची खेळणी बनवण्याचा हक्क १९७६ मध्ये मॅटेल कंपनीपुढेही आला होता. मॅटेलने तो नाकारला आणि केनरने घेतला. पुढच्याच वर्षी चित्रपट आला आणि त्या खेळण्यांवर मुलांच्या उड्या पडल्या. हातचं गेलेलं भरून काढायला मॅटेलने स्वतःची दुनिया उभी केली. तीच १९८२ मध्ये बाजारात आलेली 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' ही मालिका. रॉजर स्वीट आणि मार्क टेलर ही तिच्या जन्माशी जोडलेली दोन नावं. ही-मॅन नेमका कुणाच्या डोक्यातून आला यावर चाहत्यांमध्ये आजही वाद होतात.

बाहुल्या साडेपाच इंचांच्या, 'स्टार वॉर्स'वाल्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या आणि दंडाच्या बेटकुळ्या फुगलेल्या. कमरेत स्प्रिंग होती. कंबर पिळून सोडली की बाहुला ठोसा मारायचा. पहिल्या खेपेत आठ पात्रं होती: ही-मॅन, त्याचा शत्रू स्केलेटर, मॅन-ॲट-आर्म्स, बीस्ट मॅन, टीला, मर-मॅन, स्ट्रॅटॉस आणि झोडॅक. प्रत्येकाबरोबर एक चिमुकलं कॉमिक. १९८३ मध्ये अमेरिकेत कार्टून मालिका सुरू झाली आणि काही वर्षांनी ती आपल्याकडे दूरदर्शनवर आली. तलवार उंचावून "आय हॅव द पॉवर" असं गच्चीवर ओरडलेले बरेच जण आज पन्नाशीच्या आसपास आहेत.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट म्हणजे साचा. प्लास्टिकच्या बाहुलीत सर्वांत महाग प्लास्टिक नसतं, रंगही नसतो. महाग असतो तो पोलादी साचा. म्हणून मॅटेलने साचे पुन्हा पुन्हा वापरले. ही-मॅनचं धड कितीतरी पात्रांना बसवलं, फक्त डोकं, चिलखत आणि रंग बदलले. ही-मॅन ज्या हिरव्या वाघावर बसतो तो बॅटल कॅट मुळात मॅटेलच्याच 'बिग जिम' या जुन्या मालिकेतला वाघ. साचा तोच, रंग नवा.

पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एका साच्यातून पन्नास मूर्ती निघतात. पण एकीचा शेला जांभळा, दुसरीचा केशरी, एकीची आखणी बारीक, दुसरीची जाड. पुढच्या वर्षी कारागीर बदलला की त्याच मूर्तीचे डोळे बदलतात. खेळण्यांचंही हेच होतं. साचा एक असला तरी कारखान्यागणिक, देशागणिक, वर्षागणिक रंग आणि प्लास्टिकचा पोत बदलतो. एकाच बाहुलीच्या अशा वेगळ्या अवताराला संग्राहक 'व्हेरियंट' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुर्मिळ वस्तू कुणी बनवत नाही, ती उरते

जुनं म्हणजे महाग, ही समजूत फार पक्की बसलेली आहे. ती चूक आहे.

तुमच्या आजोबांकडे १९६०-७० मधले दिवाळी अंक येत असतील. ते हजारोंनी छापले गेले. वाचले गेले, शेजारी फिरले, मुखपृष्ठ फाटलं आणि शेवटी रद्दीवाल्याच्या तागडीत गेले. आज एखाद्या अंकाची चांगली प्रत शोधायला निघालात तर वर्ष जाईल. अंक 'दुर्मिळ आवृत्ती' म्हणून छापला नव्हता. लोकांना तो जपावासा वाटला नाही म्हणून तो दुर्मिळ झाला. याउलट 'संग्राह्य विशेषांक' असं छापून आलेलं लोक नेमकं जपून ठेवतात, आणि म्हणून ते पुढे सगळीकडे मिळतं.

खेळण्यांत याचा ढळढळीत पुरावा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या 'स्टार वॉर्स' खेळण्यांचे भाव वाढलेले पाहून १९९५ मध्ये त्या मालिकेची नवी खेळणी आली तेव्हा मोठ्या माणसांनी ती खोक्यांनी विकत घेतली आणि न उघडता ठेवून दिली. तीस वर्षं झाली. त्यांतली बहुतेक अजून स्वस्त आहेत, कारण सगळ्यांनीच ती जपली.

दुर्मिळ होण्याची दुसरी वाट अपयशाची आहे, आणि ती ही-मॅनने पुरेपूर पाहिली. १९८६ मध्ये या मालिकेची अमेरिकेतली विक्री सुमारे ४० कोटी डॉलरवर गेली होती. पुढच्या वर्षी ती ७० लाखांवर आली. दुकानदारांकडे जुना माल तुंबला होता. तोच-तो ही-मॅन पडून होता, मुलांना हवी असलेली नवी पात्रं मिळत नव्हती, आणि दुकानांनी नवी मागणी नोंदवणं थांबवलं. त्यामुळे शेवटच्या काळात निघालेली पात्रं फार थोड्या घरांत पोचली. १९८७ चा स्केअर ग्लो, म्हणजे अंधारात चमकणारा सांगाडा, आज याच कारणाने महाग आहे. टायटस आणि मेगॅटर हे दोन महाकाय बाहुले १९८८ च्या सुमारास युरोपात, मुख्यतः इटलीत, थोडेसे विकले गेले. अमेरिकेतल्या मुलांनी ते दुकानात पाहिलेही नाहीत.

उलट साधा ही-मॅन लाखोंनी बनला. म्हणून तो सुटा मिळणं आजही अवघड नाही, आणि म्हणूनच फोनवरच्या मित्राला मी आधी कुऱ्हाडीचं विचारतो.

सुटा, पूर्ण आणि बंद

जुन्या खेळण्याच्या तीन अवस्था असतात. 'लूज' म्हणजे पाकिटाबाहेरचा, सुटा. 'कम्प्लीट' म्हणजे सुटाच, पण त्याच्याबरोबर आलेलं सगळं सामान असलेला. आणि 'कार्डेड' म्हणजे छापील पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्यात बंद, कधीही न उघडलेला. या तीन पायऱ्यांमधलं अंतर जिन्याचं नाही, गडाच्या कड्याचं आहे.

ही-मॅनबरोबर छातीचं चिलखत, कुऱ्हाड, ढाल आणि तलवार यायची. तलवार अर्धी असायची. उभी चिरल्यासारखी, एक बाजू सपाट. उरलेली अर्धी स्केलेटरकडे. दोन्ही अर्ध्या जोडल्या की अख्खी तलवार होते आणि ती कॅसल ग्रेस्कल या गढीची किल्ली, अशी ती कथा. मुलांना दोन्ही बाहुले घ्यायला लावणारी ही युक्ती होती आणि मला आजही ती सुंदर वाटते.

आता आठवा, खेळताना काय व्हायचं. बाहुला दणकट, तो हरवत नाही. हरवते ती कुऱ्हाड. ती जिन्याखाली जाते, मोरीच्या जाळीतून खाली जाते, बागेतल्या वाळूत रुतते. चिलखताची पट्टी तुटते. कॉमिक फाटतं. पुठ्ठा तर पाकीट उघडल्या दिवशीच केरात जातो. म्हणजे जी गोष्ट घरातून जितकी आधी नाहीशी होते तितकी ती आज कमी उरली आहे आणि तितकं तिला जास्त मोल आहे. बाहुले भरपूर उरले, शस्त्रं थोडी, कागद त्याहून थोडा, आणि न उघडलेलं पाकीट अगदीच विरळ. पुष्कळदा एखाद्या बाहुल्याच्या किमतीचा मोठा वाटा त्याच्या हातातल्या बोटभर शस्त्राचा असतो. अडकित्ता हरवलेल्या पानदानाला घरात कुणी पूर्ण म्हणत नाही. इथेही तेच.

पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही अर्थ आहे. पहिल्या खेपेच्या पुठ्ठ्यावर मागे फक्त आठ पात्रांची चित्रं होती, कारण तेव्हा आठच पात्रं होती. नंतर पात्रं वाढली तशी चित्रं वाढली. म्हणून आठ चित्रांचा पुठ्ठा म्हणजे अगदी सुरुवातीचा माल. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीसारखा.

महागड्या वस्तूंच्या बाबतीत आणखी एक पायरी येते, ती म्हणजे 'ग्रेडिंग'. एक तटस्थ संस्था खेळणं तपासते, शंभरपैकी गुण देते आणि ॲक्रिलिकच्या बंद पेटीत ठेवून परत पाठवते. अमेरिकेतली एएफए ही अशी जुनी संस्था. पुठ्ठा, फुगा आणि बाहुली यांचे गुण वेगवेगळे पाहिले जातात. दागिन्यावरच्या हॉलमार्कसारखं हे वाटतं, पण एक फरक ध्यानात ठेवा. हॉलमार्क धातूची शुद्धता सांगतो आणि सोन्याला रोजचा बाजारभाव असतो. इथे गुण फक्त अवस्था सांगतात. त्या अवस्थेतली वस्तू कुणाला हवी आहे का, हे गुणपत्रक सांगत नाही.

आपल्याकडचा ही-मॅन

आता आपल्या घराकडे येऊ.

त्या काळात परदेशी बनावटीची खेळणी आपल्याकडे सहज येत नव्हती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि किती माल आणता येईल यावरचे त्यांतले शेवटचे निर्बंध उठायला एप्रिल २००१ उजाडला. त्यामुळे परदेशी कंपनीला भारतातल्या मुलापर्यंत पोचायचं तर इथल्याच कुणाला तरी परवाना देऊन इथेच माल बनवणं भाग होतं. मॅटेलसाठी ते काम लिओने केलं. लिओ म्हणजे व्हीआयपी सुटकेसवाल्या ब्लो प्लास्टचा खेळण्यांचा ब्रँड. ही-मॅन, बार्बी, हॉट व्हील्सच्या गाड्या, सगळं या वाटेने आपल्या दुकानांत आलं. याच काळात एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांनी १९८७ मध्ये फनस्कूल सुरू केली. तिच्या गोव्यातल्या कारखान्याची खेळणी महाराष्ट्रातल्या घराघरांत गेली आणि 'जी. आय. जो' हे सैनिक आपल्याला फनस्कूलमुळेच माहीत झाले.

पेणची गोष्ट आठवा. तीच पात्रं, पण प्लास्टिक इथलं, रंग इथला, रंगवणारे हात इथले. त्यामुळे लिओच्या ही-मॅनचा आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या ही-मॅनचा वर्ण, केसांचा पिवळा, चड्डीचा तपकिरी हुबेहूब जुळत नाही. फनस्कूलच्या काही सैनिकांचे गणवेश तर मूळ रंगांपासून इतके दूर आहेत की ते निराळेच वाटतात. तेव्हा आम्हाला हे काही कळत नव्हतं. परदेशातून आलेल्या एखाद्या चुलत भावाचा बाहुला पाहिला की आपला जरा कमअस्सल वाटायचा.

आज अमेरिकेतला आणि युरोपातला संग्राहक नेमका हाच फरक शोधतो. ज्याच्याकडे अमेरिकेतली सगळी पात्रं जमली, तो पुढे देशोदेशीचे व्हेरियंट शोधायला निघतो. ब्राझीलच्या एस्ट्रेलाचा, अर्जेंटिनाच्या टॉप टॉइजचा, स्पेनच्या काँगोस्टचा आणि भारताच्या लिओचा. लहानपणी ज्याच्यामुळे आपला बाहुला दुय्यम वाटला, त्याच गोष्टीमुळे आज त्याला स्वतंत्र ओळख आहे. मला यात फार समाधान वाटतं. फक्त पैशाचं नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानांत टांगलेली ती वस्तू नक्कल नव्हती, त्याच मालिकेचा एक अस्सल अवतार होती, हे चाळीस वर्षांनी का होईना पण कुणीतरी मान्य केलं.

पण इथेही कागद आडवा येतो. बाहुला लिओचा आहे हे सर्वांत स्पष्ट सांगतो तो त्याचा पुठ्ठा, आणि आपल्या घरांत पुठ्ठे राहिले नाहीत. आम्ही त्यावरची चित्रं कापून वहीला चिकटवली, उरलेल्यावर आईने पोळ्यांचं पीठ चाळलं.

"माझ्याकडच्यावर १९८१ लिहिलंय!"

हा दुसऱ्या क्रमांकाचा फोन. बाहुल्याच्या पाठीवर किंवा कमरेवर बारीक अक्षरांत मॅटेलचं नाव आणि १९८१ असं साल असतं. लोकांना वाटतं, हा पहिल्या वर्षीचा.

ते साल बाहुला बनल्याचं नाही. ते त्या रचनेवरच्या कायदेशीर हक्काचं साल आहे, साच्यातच कोरलेलं. साचा जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं तेच साल उमटत राहतं. जुन्या इमारतीवर 'स्थापना १९३५' असं कोरलेलं असतं म्हणून आतला पंखा १९३५ चा होत नाही. सालाशेजारी देशाचं नाव असेल तर त्याचा जास्त उपयोग होतो. तैवान, मलेशिया, मेक्सिको अशा अनेक देशांत ही-मॅन बनला, आणि कुठल्या कारखान्यात कुठल्या काळात कसं प्लास्टिक वापरलं याच्या नोंदी संग्राहकांनी हजारो नग शेजारी-शेजारी ठेवून जुळवल्या आहेत.

अशा नोंदी नसल्या की काय होतं याचंही उदाहरण आहे. तपकिरी केसांचा एक ही-मॅन आहे. तो दुकानात विकला जात नव्हता. वंडर ब्रेड या पावाच्या योजनेतून तो मिळाला अशी आठवण लोक सांगत राहिले, बाहुल्याला 'वंडर ब्रेड ही-मॅन' असंच नाव पडलं, आणि तो खरा कुठून आला यावर वर्षानुवर्षं वाद चालला. एखादं जाहिरातीचं कात्रण, एखादं टपालाचं पाकीट जपलं असतं तर वाद उभाच राहिला नसता.

डबे, चादरी, टूथब्रश

खेळण्याच्या नावावर निघालेल्या इतर वस्तूंचं शास्त्र जरा निराळं आहे. ही-मॅनच्या भरभराटीत त्याचं चित्र कशावर नव्हतं? अमेरिकेत शाळेचे पत्र्याचे डबे होते, चादरी, टूथब्रश, रंगवायची पुस्तकं, स्टिकरचे अल्बम होते.

यातल्या बहुतेक गोष्टी वापरून संपवण्यासाठी होत्या. टूथब्रश झिजतो आणि फेकला जातो. स्टिकर चिकटवण्यासाठीच असतो. चादर विरते आणि तिचं फडकं होतं. उरण्याचा निकष लावला तर न वापरलेला टूथब्रश बाहुल्यापेक्षा कितीतरी दुर्मिळ ठरतो. पण दुर्मिळ असणं पुरत नाही, ती वस्तू कुणाला तरी हवी असावी लागते. बाहुल्यावर जीव असणारे हजार असतील तर टूथब्रश शोधणारे पाच. म्हणून अशा वस्तूंचे भाव फार लहरी असतात. दोन हट्टी माणसं एका लिलावात समोरासमोर आली की भाव चढतो आणि पुढच्या वेळी त्यातला एक नसला की कोसळतो. पत्र्याचा डबा मधला. तो टिकाऊ, वापरातलाही आणि भिंतीवरच्या फळीवर शोभणाराही, म्हणून त्याला मागणी टिकून आहे.

खोटं ओळखायचं कसं

जिथे बोटभर कुऱ्हाडीला भाव आहे तिथे कुऱ्हाडी बनवणारे येणारच. मूळ कुऱ्हाडीवरून साचा घेऊन नवी ओतली की तिला 'रिप्रो' म्हणतात. रिप्रो म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. ज्याला फक्त फळीवर बाहुला पूर्ण दिसायला हवा त्याची सोय होते. गैर आहे ते जुनी म्हणून विकणं.

झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरं जशी थोडी पसरतात तसं इथेही होतं. मूळ वस्तूवरून घेतलेल्या साच्यात बारीक कोरीवकाम बोथट होतं आणि ओतलेलं द्रव्य थंड होताना किंचित आकसतं, त्यामुळे नग मूळापेक्षा केसभर लहान भरतो. अस्सल नग हातात असेल तर शेजारी ठेवून पाहा. कडा, जोडरेष, चमक, वाकवल्यावरचा ताण, सगळं बोलतं. पाण्यात टाकून तरंगते की बुडते असं पाहण्याची एक पद्धत सांगतात. एकट्या त्या परीक्षेवर विसंबू नका, कारण वेगवेगळ्या कारखान्यांची प्लास्टिकं वेगळी वागतात.

एका बाहुल्याला मात्र नाकाने ओळखता येतं. १९८५ चा स्टिंकॉर हा दुर्गंधी सोडणारा खलनायक. त्याला वास यावा म्हणून मॅटेलने पॅचौली या सुगंधी वनस्पतीचा अर्क वापरला आणि चाळीस वर्षांनंतरही अनेक स्टिंकॉरना तो वास येतो. अत्तराच्या दुकानात ज्यांनी पॅचौली हुंगली आहे त्यांना लगेच कळेल.

आपल्या हवेत प्लास्टिक कसं टिकतं

प्लास्टिक हजार वर्षं टिकतं असं आपण ऐकतो. कचरा म्हणून टिकतं. बाहुला म्हणून टिकेलच असं नाही.

ही-मॅनचं डोकं मऊ पीव्हीसीचं आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला मऊ करायला तेलासारखं एक द्रव्य मिसळतात, त्याला 'प्लास्टिसायझर' म्हणतात. पोळीच्या कणकेत तेल घालतो तसं समजा. वर्षं गेली, उष्णता मिळाली की ते हळूहळू बाहेर झिरपतं. बाहुला हाताला चिकट लागू लागतो, त्यावर धूळ बसते आणि अंग काळवंडतं. मुंबई-कोकणातला मे महिना आणि त्यामागोमाग येणारा पावसाळा ही त्याची सगळ्यात वाईट जोडी. उकाड्यात चिकटपणा, दमटपणात कमरेच्या स्प्रिंगला गंज आणि कागदाला बुरशी. पाय आतून रबराने ओढून धरलेले असतात, ते रबर सैल पडतं किंवा तुटतं. आपले बाहुले लुळे दिसतात ते यामुळे. पायांवर फार जोर देऊ नका.

चिकट झालेला बाहुला कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुतला तर बराच सुधारतो. पण कमरेत पाणी शिरू देऊ नका, आणि रंग सुटत असेल तर तिथेच थांबा. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही लावू नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई मऊ प्लास्टिकला लागते आणि निघत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, ज्या ट्रंकेत साड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या आहेत तिथे ठेवू नका. त्या गोळ्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते आणि वस्तू एकमेकींना चिकटतात. माळ्यापेक्षा कपाटाचा मधला कप्पा बरा. ऊन नको, सिलिका जेलच्या दोन पुड्या असू द्याव्यात आणि पावसाळा संपला की एकदा सगळं उघडून पाहावं.

मग हे गुंतवणूक म्हणून करावं का?

माझं स्पष्ट मत: नाही.

शेअर विकायला सकाळी बाजार उघडतो. बाहुला विकायला तो हवा असलेला माणूस शोधावा लागतो, आणि तो बहुधा दुसऱ्या देशात असतो. बाहेरून मागवायचं तर सीमाशुल्क आहे. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. त्यावर टपालखर्च आणि वाटेत फुगा चेपण्याची धास्ती. शिवाय हे भाव एका पिढीच्या आठवणींवर उभे आहेत. ज्यांनी तो लहानपणी पाहिला त्यांच्या हातात आज पैसा आहे म्हणून मागणी आहे. आमच्यानंतर ती किती राहील हे कार्टून, चित्रपट आणि नवी खेळणी त्या पात्राला किती जिवंत ठेवतात यावर ठरेल.

"प्लास्टिकच्या बाहुल्यांना एवढे पैसे देणं वेडेपणा नाही का?" असं माझ्या आईने विचारलं होतं. तिच्या कपाटात तिच्या आईचं जुनं लुगडं आहे. ते आता नेसता येत नाही, विकलं तर काही येणार नाही, आणि ती ते कुणाला देणार नाही. ऐपतीबाहेर जाऊन घेणं वेडेपणा आहे, कुठलीही वस्तू असो. पण ज्या वस्तूने आपल्या लहानपणीच्या दुपारी भरून गेल्या ती जपावीशी वाटण्यात मला काही खोट दिसत नाही.

"खेळणी खेळण्यासाठी असतात, पेटीत बंद करायला नाही" या आक्षेपात तथ्य आहे. म्हणून मी न उघडलेली पाकिटं घेत नाही. माझ्याकडचे सगळे बाहुले खेळलेले आहेत, काहींच्या पाठीवर अनोळखी मुलांची आद्याक्षरं आहेत. ती मी पुसलेली नाहीत.

माळ्यावर चढाल तेव्हा

बाहुला सापडला की लगेच पुसू नका. आधी फोटो काढा: समोरून, पाठीमागून, पाठीवरच्या अक्षरांचा जवळून. खोक्यात कागदाचा कपटा, कॉमिकचं पान, पुठ्ठ्याचा तुकडा, दुकानाची पावती, किमतीचं लेबल असं काहीही असेल तर ते बाहुल्याच्या आधी जपा. लिओ किंवा फनस्कूलचा पुठ्ठा अर्धा जरी मिळाला तरी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. इथे काय बनत होतं याची साक्ष तेवढ्याच कागदांत आहे.

मग लहान वस्तूंकडे वळा. त्या कधीच बाहुल्याजवळ सापडत नाहीत. शिवणाच्या डब्यात बटणांखाली बघा, कॅरमच्या सोंगट्यांच्या डब्यात बघा, बंद पडलेल्या किल्ल्यांच्या बरणीत, गणपतीच्या सजावटीच्या खोक्यात तळाशी. केर काढताना आयांना जे काही सापडायचं ते त्या कुठेतरी टाकून ठेवायच्या, फेकायच्या नाहीत.

माझ्या ही-मॅनची कुऱ्हाड अजून मिळालेली नाही. पण मागच्या दिवाळीच्या साफसफाईत आईच्या बटणांच्या डब्यात एक जांभळी अर्धी तलवार निघाली. स्केलेटर माझ्याकडे कधीच नव्हता, तो मामेभावाचा होता. त्याला फोन केला तेव्हा तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अरे, ती मी तुमच्या अंगणात दोन दिवस शोधत होतो." पुढच्या रविवारी तो रिकाम्या हाताचा स्केलेटर घेऊन आला, आणि माझ्या करड्या अर्ध्या तलवारीला त्याची जांभळी अर्धी आम्ही लावून पाहिली. थोडी वाकली होती, पण बसली.